दिल्लीच्या बाल्कनीत ब्लॅकबेरी



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मोठ्या माणसांनी मोठ्या विषयांवर पुष्पं गुंफली. माझं पुष्प त्या मानानं लहान आहे आणि त्याला काटे आहेत. मी फळबागेतला तज्ज्ञ नाही. पदवी इतिहासाची, नोकरी पायदळातली. आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांना वाटलं असावं की मी सीमेवरच्या आठवणी सांगीन. मी विषय सांगितला, ब्लॅकबेरी. पलीकडून अगदी नम्रपणे विचारणा झाली, "सर, म्हणजे तो जुना फोन?" फोन नाही, फळ. घरी, कुंडीत लावायचं फळ.

आणि हे बोलणं कोपर्निकस मार्गावर होतंय हे मला फार योग्य वाटतं, कारण माझ्या पहिल्या फजितीची जागा इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सैन्य मुख्यालयात बदली झाल्यावर आम्हाला प्रिन्सेस पार्कमध्ये क्वार्टर मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या त्या बराकी. जाड भिंती, बुटकी छपरं, पण पुढे हातभर माती. दिल्लीत हातभर माती म्हणजे जहागिरी. आमच्या सौभाग्यवती मूळच्या वाईच्या. लहानपणी महाबळेश्वरला जाऊन तुती, रासबेरी, स्ट्रॉबेरी खाल्लेली. तिनं ठरवलं, इथे ब्लॅकबेरी लावायची. आम्ही एका रोपवाटिकेत गेलो. रोपाला पाटी होती, 'ब्लॅकबेरी'. पैसे मोजले, रोप आणलं, लावलं.

रोप झपाट्यानं वाढलं. इतकं की दुसऱ्या वर्षी त्याच्या सावलीत खुर्ची टाकता येऊ लागली. मार्चमध्ये फळं धरली, काळी, लांबट, गोड. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक सुभेदार मेजर साहेब होते, सांगलीकडचे. ते आले, एक फळ तोंडात टाकलं आणि म्हणाले, "साहेब, तुती झकास आहे की तुमची."

तुतीच होती ती. रेशमाचे किडे जिची पानं खातात ती. दोन वर्षं आम्ही पाहुण्यांना ब्लॅकबेरी म्हणून तुती खिलवली.

हे माझ्या एकट्याचं दुर्दैव नाही. आपल्याकडे 'ब्लॅकबेरी' या एका नावाखाली तीन वेगळी झाडं विकली जातात. एक तुती. दुसरं जांभूळ, कारण इंग्रजीत त्याला कुणी कुणी भारतीय ब्लॅकबेरी म्हणतं. जांभळासाठी दिल्लीकरांनी कुठे जायची गरज नाही. इंडिया गेटच्या बाजूला जा, नवी दिल्ली वसवताना रस्त्याकडेला लावलेली जांभळाची झाडं उभी आहेत, जून-जुलैमध्ये ठेकेदाराची माणसं खाली ताडपत्री धरून फळं उतरवतात. आणि तिसरी खरी ब्लॅकबेरी, गुलाबाच्या कुळातली. तिघींचं आपसात काही नातं नाही.

ओळखायचं कसं? फळ नसताना पान बघा. तुतीचं पान एकटं असतं, थोडं खरखरीत, कडेला दाते. जांभळाचं पान गुळगुळीत, चामड्यासारखं, चुरगळलं तर वास येतो. ब्लॅकबेरीचं पान गुलाबाच्या पानासारखं, एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका. फूल आलंच तर पांढरं किंवा फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांचं. काट्यांवर विसंबू नका, बिनकाट्याच्या जातीही आहेत. इतकं बघितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. पण तुती खायला मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही.

आता जरा डोंगरात जाऊ, कारण पुढचा भाग त्याशिवाय कळणार नाही.

कुमाऊंमध्ये, पिठोरागडच्या बाजूला माझी एकदा नेमणूक होती. मराठा पलटण, पोरं सगळी आपल्याकडची, सातारा, कोल्हापूर, बेळगाव. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पायवाटेच्या कडेनं काटेरी झुडपांवर पिवळी केशरी फळं लागतात, स्थानिक लोक त्यांना हिसालू म्हणतात. आमची पोरं त्यांना 'पिवळी करवंदं' म्हणायची. करवंदाशी त्याचा काही संबंध नाही, पण डोंगराच्या काळ्या मैनेवर वाढलेल्या पोरांना काट्यातलं फळ म्हणजे करवंदच. हा हिसालू ब्लॅकबेरीचा चुलतभाऊ. त्याच कुळातलं गौरीफळ आपल्या सह्याद्रीतही होतं, पिकलं की काळं पडतं. फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. फळ तोडल्यावर आतला पांढरा गाभा झाडावर राहिला आणि फळ टोपीसारखं पोकळ निघालं तर ती रासबेरीची बाजू. गाभा फळाबरोबर आला तर ब्लॅकबेरी. हिसालू आणि गौरीफळ, दोन्ही पोकळ.

आमचा मुलगा अमेरिकेत, ओरेगनमध्ये पोर्टलंडला असतो. तिथे पहिल्यांदा गेलो तो ऑगस्टचा महिना. रस्त्याच्या कडेला, कुंपणांवर, रेल्वेच्या बाजूला, जिथे बघाल तिथे ब्लॅकबेरीच्या जाळ्या. नात डबा घेऊन निघायची आणि ओठ जांभळे करून परत यायची. मी विचारलं, या जातीचं नाव काय? मुलगा म्हणाला, "बाबा, हिला हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात."

मी हिमालयात वर्षं काढली. असं झाड मी तिथे पाहिलं नव्हतं. म्हणून वाचायला बसलो. कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक नावाचा एक नामांकित रोपतज्ज्ञ होऊन गेला. त्याला भारतातून काही बिया मिळाल्या. त्यातून आलेलं दणकट झाड त्यानं १८८५ मध्ये 'हिमालया जायंट' या नावानं बाजारात आणलं. प्रत्यक्षात ही जात आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची. म्हणजे पाटीवर एक आणि आत दुसरंच, हा प्रकार दिल्लीच्या रोपवाटिकांनी शोधलेला नाही. पुढे पक्ष्यांनी बिया पसरवल्या आणि आज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ते झाड तण म्हणून काढायला सरकारी पैसा खर्च होतो. उलट दिशेची गोष्टही आहे. आपला हिसालू हवाई बेटांवर पोचला आणि तिथली जंगलं त्यानं अशी व्यापली की जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपलं गौरीफळ गालापागोसमध्ये तेच करतंय. कुमाऊंमध्ये जे फळ पोरं प्रेमानं खातात तेच दुसऱ्या बेटावर शत्रू.

हे सगळं वाचून झालं होतं, म्हणूनच पुढचा प्रसंग घडला. तो सांगावा की नाही, याचा मी विचार केला. सांगतो.

मी निवृत्त झालो, आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. दोन बाल्कन्या, एक पूर्वेला. हिची ब्लॅकबेरीची इच्छा तशीच राहिलेली. त्या हिवाळ्यात मुलगा आला. रात्री उशिरा बॅग उघडली, कपड्यांच्या खालून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आईच्या हातात ठेवलं. मॅरियनबेरीच्या चार काड्या. मॅरियनबेरी म्हणजे ओरेगनचं भूषण, १९५६ मध्ये तिथेच प्रसारित केलेली ब्लॅकबेरीची जात. हिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

मी विचारलं, "विमानतळावर सांगितलंस का हे आणलंय म्हणून?"

"नाही, बाबा. चार काड्या तर आहेत."

आपल्या देशात २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे. परदेशातून रोप, काडी, कलम आणायचं तर आधी आयात परवाना लागतो, तिकडच्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, इथे तपासणी होते. महाबळेश्वरचे स्ट्रॉबेरीवाले परदेशातली मातृरोपं आणतात ती रीतसर, परवानगी घेऊन. नियम उगाच केलेला नाही. काडीबरोबर विषाणू येतो, तांबेरा येतो, डोळ्यांना दिसत नाही. माझ्या बाल्कनीतला रोग माझ्या बाल्कनीपुरता राहिला असता का? हिसालू त्याच कुळातला आहे. आणि पुणेकरांना तर हे समजावून सांगायची गरजच नको. काँग्रेस गवताची आपल्याकडची पहिली नोंद १९५५ च्या सुमाराची, पुण्यातली. परदेशी धान्यातून आलं असं मानतात. आज ते कुठे नाही ते सांगा.

मी त्या काड्या घेतल्या आणि गॅसवर जाळल्या. रात्री साडेबारा वाजता, स्वयंपाकघरात.

मुलगा काही बोलला नाही. ही बोलली. "अहो, सकाळपर्यंत थांबता आलं असतं." ते खरं होतं. काड्या जाळायच्याच होत्या, यावर माझं मत आजही तेच आहे. पण त्याच्यासमोर, तो २० तासांचा प्रवास करून आलेला असताना, एक शब्द न समजावता जाळल्या, तो हुकूम होता. पलटणीत तो चालतो. मुलगा उरलेले दिवस नीट वागला, फार नीट, पाहुण्यासारखा. गेल्यावर बरेच महिने फोन आईला यायचा.

मग मी ठरवलं की ब्लॅकबेरी आणायचीच, पण रीतसर. पहाडातल्या एका रोपवाटिकेतून दोन रोपं मिळाली, एक काटेरी, एक बिनकाट्याचं, पावतीसह. या वेळी पान तीनदा पाहिलं.

आता कामाचं बोलू. दिल्लीत या झाडाच्या तीन अडचणी आहेत. थंडी कमी, उन्हाळा जास्त आणि पाणी जड.

थंडीचं असं आहे. ब्लॅकबेरीला हिवाळ्यात झोप लागते. साधारण शून्य ते सात अंशांतले तास मोजतात. काही जातींना ७००-८०० तास हवेत, काहींना २००-३०० पुरतात. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, पण दुपारी ऊन पडलं की झाड पुन्हा जागं होतं. म्हणून कमी थंडीची जात मागायची. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठानं १९६४ पासून या पिकावर काम केलं, त्यांच्या बऱ्याच जातींना तिथल्या आदिवासी जमातींची नावं आहेत, किओवा, अपाची, नवाहो. फौजी माणसाला ती यादी हेलिकॉप्टरांची वाटते. त्यातली किओवा कमी थंडीत भागवते. ब्राझीलची तुपी नावाची एक जात आहे, ती मेक्सिकोत, जिथे हिवाळा जवळपास नाही, तिथे पिकवतात. ते लोक फवारे मारून झाडाची पानं गाळतात, छाटतात आणि झाडाला फसवतात की हिवाळा संपला. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना यात नवल नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून तेही रसायन लावतातच. मी बाल्कनीत रसायन वापरत नाही. डिसेंबरच्या शेवटी उरलेली पानं हातानं काढतो, हातमोजे घालून, आणि त्या महिन्यात पाणी कमी करतो.

मात्र पुण्यात, कोकणात, नागपुरात राहणाऱ्यांनी या थंडीच्या भानगडीत न पडता गौरीफळाच्या वाटेला जावं, असं माझं मत आहे. त्याला थंडीची गरज नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडासारख्या उष्ण प्रांतात लोक ते परसात लावतात, तिथे त्याचं नाव 'म्हैसूर रासबेरी'. आपलं रान सोडून लोक परदेशी पाटीमागे जातात. मीही गेलो, म्हणून बोलतोय. फक्त कुंडीत ठेवा आणि फळं पक्ष्यांना सोडू नका.

पाण्याचं: या झाडाला माती किंचित आम्ल लागते, सामू साडेपाच ते साडेसहा. आमच्या नोएडाचं पाणी असं की बादलीला पांढरा थर बसतो. पहिल्याच वर्षी कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोह कमी मिळाल्याचं लक्षण. मी आधी खत वाढवलं, त्यानं काही झालं नाही. मग चिलेटेड लोह दिलं, कुंडीत थोडं गंधक मिसळलं आणि पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात साठवायला लागलो. मातीत पालापाचोळ्याचं खत, शेणखत, कोकोपीट. कुंडी मोठी हवी, निदान ५० लिटर. मी निळी प्लॅस्टिकची पिंपं अर्धी कापून, तळाला भोकं पाडून वापरतो.

उन्हाचं तर तुम्हाला माहीत आहे. ज्या कोपर्निकसच्या नावाच्या रस्त्यावर आपण बसलोय त्यानं सूर्य मध्यभागी ठेवला. मे महिन्यात माझ्या बाल्कनीतही तोच मध्यभागी असतो. सकाळचं ऊन चार-पाच तास पुरे. दुपारी बारानंतर हिरवी शेडनेट, पन्नास टक्क्यांची. नाहीतर फळातले काही दाणे पांढरे पडतात, भाजल्यासारखे. मातीवर वाळक्या पानांचं जाड आच्छादन.

एवढं सगळं करून दोन वर्षं एकही फूल आलं नाही.

दोष माझा होता, आणि तो माझ्या सवयीचा होता. डिसेंबर आला की मी कात्री घेऊन दोन्ही झाडं जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचो. लांबच लांब काड्या इकडे तिकडे पसरलेल्या मला बघवत नसत. बटालियनच्या बागेत सगळं चुन्याच्या रेषेत. वसंतात नव्या काड्या जोरात यायच्या, मी खूश. फळ नाही.

ब्लॅकबेरीचं मूळ बारमाही, काडी दोन वर्षांची. पहिल्या वर्षी काडी फक्त वाढते, पानं धरते. त्याच काडीला दुसऱ्या वर्षी फूल आणि फळ येतं, मग ती मरते. मी दरवर्षी पुढच्या वर्षीचं पीक कापून कचऱ्याच्या पिशवीत भरत होतो. द्राक्षाची काडी आधी तयार करून मग तिच्यावर माल घेतात, हे मी तासगावला डोळ्यांनी पाहिलेलं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. २००४ पासून पहिल्याच वर्षी फळ देणाऱ्या जातीही निघाल्या आहेत, पण माझ्याकडे त्या नाहीत.

उलगडा झाला तो हिच्यामुळे. तिसऱ्या डिसेंबरात मी नेहमीसारखी छाटणी केली. एक काडी तिनं एसीच्या बाहेरच्या डब्यामागून नेऊन कपड्यांच्या दोरीला बांधून ठेवली होती, मला दिसली नाही. मार्चमध्ये तिला पांढरी फुलं आली. एप्रिलच्या शेवटी फळं. मोजली, अकरा. तिनं आधी मला बोलावलं नाही, मुलाला व्हिडिओ कॉल लावला. मग हाक मारली. मी गेलो तर पडद्यावर तो, हसत होता. म्हणाला, "बाबा, कात्री लपवून ठेवा आता." बऱ्याच महिन्यांनी तो मला उद्देशून काहीतरी बोलत होता. मी त्याला तेव्हा सांगितलं की काड्या जाळल्या ते बरोबर केलं, पण ज्या रीतीनं केलं ते चुकलं. तो म्हणाला, "माहितीये." दोघांनाही त्यावर आणखी बोलायचं नव्हतं.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा. नवी काडी कमरेएवढी झाली की शेंडा खुडतो, मग बाजूला फांद्या फुटतात. नव्या काड्यांना निळी सुतळी, जुन्यांना लाल. जून उजाडला की लाल सुतळीच्या काड्या, फळ देऊन झालेल्या, तळापासून काढून टाकतो. डिसेंबरात निळ्याला हात लावत नाही, बाजूच्या फांद्या फक्त हातभर ठेवून आखडतो. बाल्कनीच्या दोन कडांना तार ताणून काड्या बांधल्या आहेत. काटेरी जातीची तार बांधताना कॉन्सर्टिना कॉइल टाकल्याची आठवण होते, फरक इतकाच की ही वाढते.

बुलबुलांसाठी जाळी लागते. ते पहाटे पाचला हजर, कुठल्याही गार्डपेक्षा नियमित. आणि तोडायची घाई नको. काळं झालं म्हणजे पिकलं असं नाही. चकाकतंय तोवर आंबट. चकाकी जाऊन फळ जरा मंद दिसायला लागलं आणि हलक्या हातानं ओढल्याबरोबर आलं, तर ते खायचं. तोडल्यावर ते आणखी पिकत नाही. गेल्या मे महिन्यात मुलगा, सून, नात आले होते. नातीनं पहिलंच चकाकणारं तोडलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, आजोबा, रस्त्यावरची जास्त गोड असतात. दुसऱ्या दिवशी मंद झालेलं एक तिला दिलं. त्यावर तिनं मत दिलं नाही, पण डबा मागितला. दोन पिंपांतून त्या मोसमात तीन किलोंच्या आसपास फळ निघालं. बाजारभावानं हिशेब केला तर खर्च निघत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शेवटची एक गोष्ट, रोपं करण्याची. ऑगस्ट-सप्टेंबरात लवचीक काडीचा शेंडा वाकवून शेजारच्या लहान कुंडीतल्या मातीत चार बोटं पुरायचा, वर दगड ठेवायचा. महिन्याभरात मुळं धरतात. हिवाळ्यात काडी मध्ये कापली की वेगळं रोप. यंदा अशी सहा झाली. एक आमच्या सोसायटीच्या माळ्यानं मागून घेतलं. पाच इथे मागच्या टेबलावर ठेवली आहेत, ज्यांना हवी त्यांनी न्यावीत. फेब्रुवारी आहे, लावायला हीच वेळ. काटेरी जात आहे, शेजारी हातमोजे आहेत ते घालून उचला, आणि मोजे तिथेच ठेवा, ते हिचे आहेत. पाणी आज सकाळी घातलंय, आता परवा घाला.